काजूच्या झाडाचा घरनंबर

गोव्यात डिचोलीजवळच्या लाटंबार्शातलं ते घर कृष्णनाथ परबांनी सोप्यावर बसून पसंत केलं, तेही अवघ्या चार मिनिटांत. सोपो म्हणजे घराच्या दाराबाहेर पडवीत बांधलेला चिऱ्याचा बाक. त्यावर बसलं की समोर सुपारी-नारळाचं कुळागर, उजवीकडे विहीर आणि अंगावर वारा. बावीस वर्षं सरकारी नोकरीत काढलेल्या माणसाने कुठलीही गोष्ट चार मिनिटांत पसंत करावी, हे त्यांच्या कचेरीच्या रीतीला अगदीच सोडून होतं. तिथे साधा पंखा पसंत करायला दोन समित्या आणि एक उन्हाळा लागला होता.

त्यांची बायको सुविधा आरोग्य केंद्रात नर्स होती. तिने घर पेशंटसारखं तपासलं. भिंतींवर बोटांनी टकटक केलं, वाशांना नखाने टोचून पाहिलं, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभं राहून वास घेतला आणि बाहेर येऊन सांगितलं, "ताप आहे, पण मरणाचा नाही."

घराचा मालक बाबली गावस, साठीचा, कमरेला टॉवेल आणि कानावर बिडी. तो म्हणाला, "परबांनू, घर शंभर वर्सांचा. आमच्या पणज्यान बांधला. पडूचा आसता तर आधीच पडला नसता?"

हा युक्तिवाद कृष्णनाथांना पटला. शिवाय किंमत अशी होती की तेवढ्यात डिचोलीत फार तर फ्लॅटची गच्ची आली असती. आणि घाई तर होतीच. गेली अठरा वर्षं ते ज्या तिसऱ्या माळ्यावरच्या भाड्याच्या फ्लॅटात राहत होते, त्याच्या मालकाने मुलाचं लग्न ठरवलं होतं आणि पावसाच्या आत जागा मागितली होती. माणूस सज्जन होता, पण त्या घरात खिळा मारायचा तरी त्याला फोन करावा लागे. मुलगी गौरवी बारावीला पोचली तरी तिच्या पहिलीच्या बक्षिसाचा फोटो अजून कपाटावर टेकवूनच ठेवलेला होता.

तर घर ठरलं. मग सल्ले सुरू झाले.

आपल्याकडे एखादा माणूस आजारी पडला तर लोक दोन-तीन औषधं सुचवून थांबतात. घर घेतो म्हटल्यावर मात्र कोणी थांबत नाही. इमारतीतल्या तळमजल्यावरच्या बाईंनी सांगितलं, जुन्या घरात पहिल्या वर्षी साप, दुसऱ्या वर्षी वाळवी आणि तिसऱ्या वर्षी भाऊबंद निघतात. कचेरीतल्या प्रशांतने सांगितलं, "घेऊचा तर मोप्याक घे रे. विमानतळ आसा, भाव वाढतलो." त्यावर दुसरा म्हणाला की मोप्याला त्याच्या मेव्हण्याचं घर आहे, आणि विमान डोक्यावरून गेलं की आमटीत तरंग उठतात. तिसऱ्याने वास्तुशास्त्र काढलं. चौथ्याने काहीच सल्ला दिला नाही, फक्त कृष्णनाथांच्या खांद्यावर हात ठेवून सुस्कारा सोडला. त्या सुस्काऱ्याने ते जास्त घाबरले.

त्यातच बाबलीच्या दारात एक मोठी काळी गाडी येऊन उभी राहिली. गाडीतल्या परप्रांतीय गृहस्थाने घर आतून पाहिलंदेखील नाही. कुळागर तोडून तिथे पोहण्याचं तळं करीन आणि घर पाहुण्यांना भाड्याने देईन म्हणाला. कागद काय असतील ते असोत, पैसे उद्या, असंही म्हणाला. बाबली गावस शब्दाचा माणूस, पण शब्दालाही मुदत असते.

"परबांनू," त्याने फोनवर सांगितलं, "मिरग लागासर घर तुमचा. मिरग लागल्यार माका बोल लावू नका."

मृग लागायला नऊ आठवडे होते.

पहिलं काम सह्यांचं. घर बाबलीचं म्हटलं तरी कागदावर सात वारसांचं होतं, आणि गोव्यातल्या कायद्याप्रमाणे प्रत्येकाच्या बायकोची नाहीतर नवऱ्याची सहीसुद्धा लागते. म्हणजे चौदा सह्या. बारा सह्या कृष्णनाथांनी दोन रविवारांत गोळा केल्या. उरली बाबलीची बहीण सिंधू आणि तिचा नवरा. ती दोघं तेरेखोलला. म्हणजे गोव्याचं एक टोक गाठून वर फेरीबोटीने नदी ओलांडायची. कृष्णनाथ पोचले तेव्हा ओहोटी लागलेली. फेरीबोट पलीकडे गाळात बसून राहिली होती आणि तिचा तांडेल शांतपणे बांगडे साफ करत होता. दोन तास त्यांनी फाईल छातीशी धरून काठावर काढले.

सिंधूबाईंनी सही केली, पण जेवू घातल्याशिवाय नाही. नवरा मात्र अडला. त्याचं आणि बाबलीचं एकोणीस वर्षं बोलणं नव्हतं. कारण कोणालाच आठवत नव्हतं, पण बोलणं नव्हतं हे सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं.

"सही करतंय," तो म्हणाला, "पण त्या बाबल्याच्या सहीखाली माझी सही नको."

"मग कुठे करता?"

"वर."

वर जागा नव्हती. वर सरकारी तिकिटाचा छाप होता. कृष्णनाथांनी बावीस वर्षांच्या अनुभवाने कागद आडवा धरला. आडव्या कागदाला वर आणि खाली राहत नाही, डावं आणि उजवं राहतं. गृहस्थाने त्यावर बराच वेळ विचार केला आणि समाधानाने उजव्या बाजूला सही ठोकली.

चौदाही सह्या झाल्या. कृष्णनाथांनी फाईलीच्या सात प्रती काढल्या, कारण सरकारला किती लागतात हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? मग बँकेचा माणूस घर बघायला आला.

तो आला, त्याने सोप्यावर बसून लिंबाचं सरबत घेतलं, नकाशा उलगडला, घराभोवती एक फेरी मारली, मग दुसरी मारली आणि घरामागच्या काजूच्या झाडाखाली जाऊन उभा राहिला. झाडाकडे बघितलं, नकाशाकडे बघितलं.

"परबसाहेब," तो हळूच म्हणाला, "हे तुमचं घर."

"कुठे?"

"हे." त्याने काजूच्या बुंध्यावर हात ठेवला. "घर क्रमांक सदुसष्ट. आणि ते तिकडे, जिथे आपण सरबत घेतलं, तो गोठा."

झालं होतं ते असं. पन्नासेक वर्षांपूर्वी भूमापन झालं तेव्हा इथे खरोखरच दोन बांधकामं होती. पुढे घर, मागे गोठा. कोणा अज्ञात हाताने पेन्सिलीने नकाशावर दोन चौकोन काढले आणि नावं लिहिताना अदलाबदल केली. नंतर गोठा पडला, त्याच्या जागेवर काजू रुजला, वाढला, फळाला आला. आणि बाबली गावस दर वर्षी नेमाने पंचायतीत जाऊन त्या काजूच्या झाडाची घरपट्टी भरत राहिला.

"मग कर्ज?" कृष्णनाथांनी विचारलं.

"गोठ्याला गृहकर्ज मिळत नाही. गोठ्यासाठी वेगळी योजना आहे, पण तिला किमान दोन दुभती जनावरं लागतात."

हे शेजारच्या शेवंतीबाईंनी कुंपणापलीकडून ऐकलं. शेवंतीबाई सत्तरीच्या, एकट्या, गावभर दूध घालणाऱ्या. त्यांनी लगेच आवाज दिला, "झिला, जनावरां माजी घे! राधी म्हस आसा, तिची पारडी आसा. कागदार घाल, दूध माज्याकडेच ऱ्हवांदी!"

सुविधा तोंडाला पदर लावून विहिरीकडे गेली. कृष्णनाथांना हसू आलं नाही. ते त्या रात्री जेवले नाहीत, हे मी सांगतो म्हणून खरं मानावं. कारण समोर सोलकढी असताना ते न जेवण्याचा हा पहिलाच प्रसंग होता.

नकाशा दुरुस्त करून घ्यायचा तर दुसऱ्या कचेरीत अर्ज करायला हवा होता. इथून पुढची हकिकत सांगताना कृष्णनाथ आजही थोडे खाकरतात. आजवर ते खिडकीच्या आतल्या बाजूला बसत आले होते. कोणत्या खात्यात, ते इथे सांगत नाही. एवढंच की त्यांच्या टेबलाशी आलेल्या माणसाचं काम पहिल्याच खेपेला झालं, असा दाखला सापडत नाही. आता ते खिडकीच्या बाहेर उभे होते. खिडकीत गौरेश नावाचा तरतरीत कारकून होता. त्याने फाईल चाळली. फार सुंदर फाईल होती. पानांना क्रमांक, कोपऱ्यांना चिकटपट्टी, पुढे अनुक्रमणिका.

"साहेब, फाईल एक नंबर," गौरेश म्हणाला. "पण एक कागद कमी आहे."

कृष्णनाथांनी फाईल परत घेतली. हे वाक्य त्यांनी आयुष्यात हजारो वेळा उच्चारलं होतं. समोरून कसं लागतं ते आज कळलं. ते बाकावर येऊन बसले. बाजूला एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांनी कृष्णनाथांकडे निरखून बघितलं.

"तुमी परब ना? माका तीन फेरे धाडलेले तुमीच."

कृष्णनाथांनी मान खाली घातली.

"वायट वाटून घेव नकात," गृहस्थ प्रेमाने म्हणाले. "तुमच्याकडे फेरे घालूनच माका सवय झाली. हय बघा, उन्हाळ्यात साडेअकरांक येवचा. साडेअकरांक हेंची चाय येता, माणूस बरो आसता."

सल्ला बरोबर होता. दुसऱ्या दिवशी साडेअकराला चहाच्या कपामागचा गौरेश खरोखरच बरा माणूस होता. तरी आणखी सहा आठवडे गेले. कधी नकाशाची जुनी प्रत सापडेना, कधी सापडली तर वाचता येईना, कधी वाचता येणारा रजेवर. शेवटी सरकारी मोजणीदार जागेवर येऊन खात्री करेल, वास्तू घर आहे की गोठा ते पंचनाम्यात लिहील आणि त्यावर निकाल होईल, असं ठरलं. तारीख पडली ती मिरगाच्या बरोबर पाच दिवस आधी.

काळी गाडी त्या आठवड्यात दोनदा येऊन गेली होती.

आदल्या दिवशी परब कुटुंब बाबलीची परवानगी घेऊन सामानासकट लाटंबार्शाला पोचलं. घर घरासारखं दिसलं पाहिजे, असा कृष्णनाथांचा हुकूम होता. टेम्पोतून कपाट, मेज, बसायची चार कदेलं, देव्हारा, भांड्यांची मांडणी सगळं आलं. सुविधाने जनेलांना पडदे लावले. गौरवीने दारात रांगोळी काढली, आणि पहिलीच्या बक्षिसाचा फोटो खिळा ठोकून भिंतीवर टांगला. तो खिळा बाबलीने स्वतः ठोकला. एवढ्यावर थांबले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला एक चीर होती, आणि ती कृष्णनाथांना सलत होती. त्यांनी गवंडी महेशला दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर बोलावलं. महेश बेळगावकडचा, कामाला पक्का, बोलण्यात मऊ.

"एवढीच चीर बुजव. दुसरं काही करू नको. अकराला साहेब येणार."

"काय काळजी करू नका ओ साहेब," महेश म्हणाला. "दहा मिन्टात करून सोडतो."

मातीची भिंत पडते तेव्हा मोठा आवाज होत नाही. ती जुन्या माणसासारखी एक दीर्घ उसासा टाकते आणि खाली बसते. पावणेअकराला कृष्णनाथ पुढच्या सोप्यावर टोपी नीट करत असताना आतून तो उसासा आला. धावत जाऊन बघतात तर स्वयंपाकघराच्या मागच्या बाजूला बैलगाडी जाईल एवढं भगदाड. त्यातून काजूचं झाड स्पष्ट दिसत होतं, आणि झाडाच्या अलीकडे थापी हातात घेऊन महेश.

"साहेब," महेश म्हणाला, "चीर गेली."

कृष्णनाथांना बोलायचं खूप होतं, पण तेवढ्यात पुढच्या दारी मोटारसायकल वाजली. मोजणीदार आले होते, पंधरा मिनिटं आधी. सरकारी माणूस वेळेआधी येतो हे कृष्णनाथांनी पहिल्यांदाच पाहिलं, आणि तेही स्वतःच्या नुकसानीसाठी.

मोजणीदाराचं नाव निहार. वय तिशीच्या आत, चष्मा, खांद्याला टेपची पिशवी. बोलणं मृदू, पण डोळे नकाशासारखे. कृष्णनाथांनी त्याला पुढच्या पडवीत जमेल तेवढा वेळ अडवून धरला. सरबत दिलं. कुळागराचा इतिहास सांगितला. तेरेखोलच्या फेरीबोटीची हकिकत सुरू केली. आत सुविधा आणि गौरवी भगदाडावर चादर लावायची खटपट करत होत्या. चादरीला खिळे मारायला भिंत नव्हती, हीच मुख्य अडचण होती. शेवटी दोघी दोरी शोधायला विहिरीकडे गेल्या.

फेरीबोट गाळात बसेपर्यंत गोष्ट आली आणि निहार उठला. "चला, आत बघू."

बाबली, शेवंतीबाई आणि गावातली पाच-सात माणसं साक्षीसाठी जमली होती. सगळे निहारच्या मागोमाग आत शिरले. माजघर छान दिसलं. देव्हाऱ्यात दिवा होता. निहारने मान डोलावली. कृष्णनाथांच्या जिवात जीव आला. मग निहारने स्वयंपाकघराचं दार उघडलं.

आत म्हैस उभी होती.

शेवंतीबाईंची राधी. महेशला बाजूला सारून भगदाडातून आली होती, सावलीला. पूर्ण वाढलेली, काळीभोर, पसरट शिंगांची. मांडणीच्या पुढ्यात ती जन्मापासून तिथेच राहत असल्यासारखी उभी होती आणि शांतपणे काहीतरी चघळत होती. ते काहीतरी म्हणजे मांडणीवर ठेवलेल्या फाईलीची चौथी प्रत. तिसरी खाऊन झाली होती.

म्हशीने एकदा सगळ्यांकडे पाहिलं आणि पान उलटल्यासारखी मान फिरवली.

निहारने चष्मा पुसला. "परबसाहेब, कागदावर गोठा लिहिलाय. तुम्ही म्हणता हे घर. आणि आत म्हैस. मी आता काय लिहू?"

कृष्णनाथ भिंतीला टेकले. अठरा वर्षं भाड्याची, नऊ आठवड्यांचे हेलपाटे, चौदा सह्या, आडवा कागद, सगळं त्या एका जनावराच्या जबड्यात दळलं जात होतं. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. बाबलीने कानावरची बिडी काढली आणि परत ठेवली. त्याच्या तोंडावर काळ्या गाडीचा विचार दिसू लागला, असं कृष्णनाथांना वाटलं. कदाचित तो नुसताच बिडीचा विचार असेल.

"गे बाये माजे!" शेवंतीबाईंनी कपाळावर हात मारला. "राधे, चल भायर! घरात म्हस कित्याक इली गो तू?"

त्यांनी म्हशीच्या गळ्यातलं दावं धरलं आणि जवळ होतं त्या माजघराच्या दाराकडे ओढलं. राधी दारापर्यंत गुमान आली. मग थांबली. डावं शिंग चौकटीला लागलं. शेवंतीबाईंनी तिची मान तिरकी केली. तशी शिंगं गेली, पण पोट अडलं. बाबली पुढे झाला आणि त्याने मागून रेटलं. चौकट कुरकुरली. राधीने नाराजीने हंबरून बाबलीच्या पायावर पाय दिला. तिला मागे घेऊन बाजूच्या खोलीच्या दाराकडे नेलं. तिथेही तेच. न्हाणीघराचं दार तर त्याहून लहान.

कृष्णनाथ हे सगळं भिंतीला टेकून बघत होते. आणि एकाएकी त्यांची पाठ सरळ झाली. टोपी त्यांनी नीट केली. पुढचं वाक्य ज्या आवाजात आलं तो आवाज आजवर फक्त त्यांच्या कचेरीत ऐकू येत असे, आणि तो आला की शिपाईसुद्धा उठून उभे राहत.

"मोजणीदार, टेप काढा."

निहारने नकळत टेप काढली.

"दाराचं माप घ्या."

"दोन फूट दोन इंच."

"आता म्हशीचं घ्या."

"म्हशीचं?"

"पोटाजवळ. आणि शिंगांचं वेगळं घ्या. शेवंतीबाय, तिका घट्ट धरा."

निहारने आयुष्यात डोंगर मोजले होते, नाले मोजले होते, दोन सख्ख्या भावांच्या मधला साडेचार इंचांचा वाद मोजला होता. म्हैस प्रथमच मोजत होता. पोट दोन फूट आठ इंच भरलं, शिंगं तीन फूट दोन इंच.

"या घराला दारं पाच," कृष्णनाथ म्हणाले. "पाचही मोजा. एकातून तरी म्हैस जाते का बघा. साहेब, मला एवढंच सांगा, शंभर वर्षांपूर्वीचा शहाणा शेतकरी म्हशीसाठी गोठा बांधेल आणि त्याला एकही असं दार ठेवणार नाही का, ज्यातून म्हैस आत जाईल?"

राधीचं चघळणं चालू होतं.

निहार पाचही दारं मोजून आला. सगळ्यात मोठं पुढचं. तेही दोन फूट चार इंच. पण माणूस हुशार होता. त्याने विचारलं, "मग ही आत आली कशी?"

सगळ्यांच्या नजरा भगदाडाकडे गेल्या. तिथे महेश अजून थापी घेऊन उभा होता. पळून जायला त्याला पुष्कळ वेळ होता, पण तो गेला नव्हता.

"ही भिंत कधी पडली?" निहारने विचारलं.

"पडली नाही ओ साहेब," महेश मान खाली घालून म्हणाला. "मीच पाडलो. सकाळी पावणेअकराला. त्याच्या आधी सगळी भिंत होती बघा. माती अजून ओली हाय आतून." आणि मग जरा हळू, "परबसाहेबांनी चीर बुजवायला सांगितलेले."

आपली चूक इतक्या सरळपणे कबूल करणारा माणूस सरकारी चौकशीत क्वचित भेटतो. निहारने मातीचं ढेकूळ उचलून बोटांनी चुरगाळलं, वास घेतला आणि महेशकडे आदराने पाहिलं. मग सोप्यावर बसून त्याने पंचनामा लिहायला घेतला. साक्षीदार म्हणून बाबलीने सही केली आणि शेवंतीबाईंनी अंगठा न देता ठसठशीत अक्षरात पूर्ण नाव लिहिलं, कारण त्या रात्रशाळेत चौथीपर्यंत शिकल्या होत्या आणि ते दाखवायची संधी फार दिवसांनी आली होती.

त्या पंचनाम्याचा शेवटचा परिच्छेद कृष्णनाथांना तोंडपाठ आहे: "समक्ष खात्री केली असता सदर वास्तूच्या पाचही दरवाजांतून उपस्थित म्हैस जाऊ शकत नाही, असे प्रत्यक्ष प्रयत्नांती दिसून आले. ज्या वास्तूत म्हैस शिरू शकत नाही, ती वास्तू गोठा म्हणून बांधलेली असणे संभवत नाही. सबब सदर वास्तू हे राहते घर असून मागील काजूचे झाड हे झाड आहे." सरकारी मराठी त्यांनी उभा जन्म वाचलं, लिहिलं, पण त्यात इतकं सौंदर्य असू शकतं याची त्यांना कल्पना नव्हती.

राधीला शेवटी भगदाडातून मागच्या मागे बाहेर काढलं. त्यासाठी सहा माणसं आणि फाईलीची पाचवी प्रत लागली.

संध्याकाळी काळी गाडी पुन्हा आली. बाबली गावस सोप्यावर बसला होता. गाडीतल्या गृहस्थाने काच खाली करून विचारलं, काय ठरलं?

"घर इकलां," बाबली म्हणाला.

"पण मी तर जास्त देत होतो!"

"तुमी घर आतसून बघितलासच नाय," बाबली म्हणाला. "हेंनी म्हस घालून बघितली."

पुढे सगळं इतक्या वेगाने झालं की कृष्णनाथांनाच संशय येऊ लागला. तिसऱ्या दिवशी नकाशा दुरुस्त झाला. गौरेशने स्वतः फोन करून कळवलं, आणि कचेरीत सगळ्यांनी तो पंचनामा वाचल्याचंही सांगितलं. बँकेचा माणूस परत आला, त्याने या वेळी घरातच सरबत घेतलं. मृग लागायच्या आदल्या दुपारी खरेदीखत झालं. महेशने भगदाड बुजवलं, चिऱ्याने, फुकट, आणि ती भिंत आज घरातली सगळ्यात मजबूत भिंत आहे.

नव्या घरातली पहिली सकाळ उजाडली. कृष्णनाथ चहाचा कप घेऊन सोप्यावर येऊन बसले. रस्त्यावरून भोंगा वाजवत पोदेर आला, स्कूटरच्या मागे उंड्यांची, म्हणजे गोल पावांची, भली मोठी टोपली घेऊन. त्याने गाडी परबांच्या दारात थांबवली आणि हाक मारली, "घरकारांनू! रोजचे उंडे किती?"

कृष्णनाथांनी मागे वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं. अठरा वर्षं ते तिसऱ्या माळ्यावरचे परब होते, कचेरीतले परबसाहेब होते, कोणाचे भाडेकरू होते. घरकार म्हणून, म्हणजे घरमालक म्हणून, त्यांना आजवर कोणी हाक मारली नव्हती. त्यांनी कप खाली ठेवला, घसा साफ केला आणि म्हणाले, "बारा."

"आपण तिघं!" आतून सुविधाचा आवाज आला. "बारा कोण खाणार?"

"घर आहे," कृष्णनाथ म्हणाले. "माणसं येतात-जातात."

टोपलीवरचं फडकं वर झालं, गरम उंड्यांचा वास पडवीभर पसरला. कुंपणापलीकडून शेवंतीबाई दुधाची चरवी घेऊन आल्या, म्हणाल्या, "नवीन घरात चाय चाखूक इलंय." पाठोपाठ बाबली आला, आपण विकलेलं घर नीट चाललंय ना ते बघायला. महेश भिंतीवर पाणी मारायला आला आणि त्याच्यासोबत त्याचे दोन गाववाले. सोप्यावर बसायला जागा उरली नाही म्हणून कृष्णनाथ स्वतः पायरीवर बसले, आणि तिथूनच सगळ्यांना "घ्या, घ्या" म्हणत राहिले.

पाव तासात घरातलं उंड्यांचं टोपलं रिकामं झालं. सुविधाने आत डोकावून बघितलं, गौरवीच्या डब्यालासुद्धा उंडा उरला नव्हता. भोंगा अजून वळणावर ऐकू येत होता. ती साडीच्या निऱ्या आवळत फाटकाकडे धावली आणि आख्ख्या लाटंबार्शाला ऐकू जाईल अशी ओरडली, "ओ पोदेर! थांबा! आणखी सहा!"